शर्यतीचं शेपूट

धुकं पडायचंच होतं ना, तर मग निदान शेवटपर्यंत पडून राहायचं! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पहाटे असं दाट धुकं होतं की समोर दिव्याचा खांब आहे की कोणी उंच माणूस उभा आहे, हे जवळ जाऊन हात लावल्याशिवाय कळत नव्हतं, आणि मी एका खांबाला नमस्कारसुद्धा घालून बसलो. वारा नाही, पाऊस नाही, नुसतं पांढरं पांढरं, भिंतीला चुन्याचा पहिला हात द्यावा तसं. मी म्हटलं वा, आज आपलं काम सोपं झालं. आणि अर्ध्या वाटेत ते गेलं उडून! आता तुम्ही म्हणाल, शर्यतीला धुकं कशाला हवं? लोकांना नको असतं हो, मला हवं होतं. माझं काम पडतं सगळं मागच्या बाजूचं.

मी आमच्या धावणाऱ्यांच्या क्लबाचं शेपूट आहे. हसू नका, पद आहे ते.

त्याचं असं आहे, शर्यत म्हटली की कोणीतरी शेवटचा येणार, आणि शेवटच्या माणसाच्या मागे काय असतं, तर नुसता रिकामा रस्ता. तो फार वाईट. माणसाची पाठ गार पडते. म्हणून क्लबाचा एक माणूस सगळ्यांच्या मागे चालतो, शेवटचा नंबर तो आपल्या अंगावर घेतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या वाट्याला तो उरतच नाही. त्याच्या मागून क्लबाचा टेम्पो येतो, पाण्याची टेबलं, दोऱ्या, ते लाल टोपीसारखे कोन गोळा करत. शेपूट पुढे सरकलं की तिथली शर्यत मिटली. आणि शेपटाने शेवटची रेघ ओलांडली की हवा भरलेली ती मोठी कमान पाडायची आणि रस्ता ट्रकांना मोकळा. मग राहिला तो राहिला, त्याने टेम्पोत बसायचं.

हे पद मला कसं मिळालं विचाराल, तर चालीवर मिळालं. मी आयुष्यभर भिंती रंगवल्या. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही, आणि रंग वाळताना त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो, तो आपल्या सवडीने वाळतो. माझे पायही तसेच झाले. क्लबाची खोली रंगवायला गेलो होतो, तिथले सेक्रेटरी, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, ते मला फाटकापासून दारापर्यंत येताना बघत उभे राहिले. चहा गार झाला त्यांचा. मी पोचल्यावर म्हणाले, आजोबा, तुम्ही नेहमी असेच चालता? मी म्हटलं, नाही, आज जरा घाईत आहे.

झालं, त्यांनी मला तिथेच नेमलं. कारण त्यांचं आधीचं शेपूट म्हणजे व्यायामशाळेतला एक पैलवान, चांगला पोरगा, पण अर्ध्या वाटेपर्यंत कसाबसा दम धरायचा आणि मग त्याच्या पायांना खाज सुटायची. एकदा तर बेटा तिसरा आला. शेपूट तिसरं! मागे किती माणसं आहेत याचा पत्ता नाही आणि इकडे कमान पाडायला घेतली.

आणि ह्या पदाचा एक नियम आहे, तोच सगळ्यात अवघड. कोणाला सांगायचं नाही. पूर्वी म्हणे शेपटाला पिवळं जाकीट द्यायचे. तर कपडे शिवणारी एक बाई होती, बिचारी पहिल्यांदाच आलेली, तिने शेजारी ते पिवळं जाकीट बघितलं, तिला उमगलं आपण कुठे आहोत ते, आणि ती जी रस्त्याच्या कडेला बसली ती परत क्लबात फिरकलीच नाही. तेव्हापासून जाकीट बंद. शेपटाने सगळ्यांसारखा नंबर छातीवर लावायचा, सगळ्यांसारखं हाशहुश करायचं. बायकोलासुद्धा सांगायचं नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून. आणि छातीठोक सांगतो, मी शेपूट झाल्यापासून एकही माणूस टेम्पोत बसला नाही. पहिला कोण आला ते लोक विसरतात. माझा हा विक्रम मात्र कोणी मोडलेला नव्हता.

आता आमचे शेजारी. कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होते. उशिरा येणाऱ्याच्या कार्डावर लाल शेरा मारायचा, हे काम आयुष्यभर केलं, आणि प्रेमाने केलं! मी तिथे रंगकामाला जायचो, मी रोजंदारीचा, मला कार्डच नव्हतं, तर मला ते तोंडी शेरा द्यायचे. असा कडक माणूस. पण मध्ये त्यांचं मोठं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर साहेब खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. उठायचे नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्यांना घड्याळ लावायचे, दूधवाला आज उशिरा, कचऱ्याची गाडी आज लवकर. डॉक्टर सांगून थकले, चाला, चाला. शेवटी कोणी शर्यतीचा कागद दारात टाकून गेलं आणि काय वारं शिरलं कोण जाणे, साहेबांनी नाव दिलं. सगळ्या गल्लीला सांगितलं. ज्याला सांगितलं नाही त्याला पुन्हा हाक मारून सांगितलं.

आदल्या संध्याकाळी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कुंपणाशी आल्या. त्यांना माझ्या पदाचं काही ठाऊक नाही, मी जातो एवढं ठाऊक. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, उद्या ते अर्ध्यातून परत आले ना, तर त्या खुर्चीतून पुन्हा उठायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. तेवढं बघा."

बघतो म्हटलं. आता ह्यात बघण्यासारखं काय होतं? माणूस माझ्या पुढे चालणार, मी त्याच्या मागे. माझ्याहून हळू चालणारा माणूस अजून जन्माला यायचाय, ही माझी खात्री. रात्री निवांत झोपलो.

सकाळी शिट्टी झाली, सगळे गेले धुक्यात विरघळून, आणि उरलो आम्ही दोघं. साहेबांनी मला बघितलं आणि तुम्हाला सांगतो, तो चेहरा उजळला! एवढ्या शर्यतीत त्यांना मिळून मिळून एक गिऱ्हाईक मिळालं होतं. म्हणाले, अरे रंगाऱ्या, तूपण आहेस होय, मग आज तुला मागे टाकतो की नाही बघच. म्हटलं टाका, साहेब, टाका. पण टाकतील तर ना! तो माणूस पाऊल उचलायचा, ठेवायच्या आधी विचार करायचा, ठेवल्यावर पश्चात्ताप करायचा. मी मागे राहायचा प्रयत्न करतोय आणि मला ब्रेक लागत नाहीयेत. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या टाचेवर पाय दिला असेल.

तेवढ्यात मागे टेम्पो. घर्र घर्र. साहेब म्हणाले, हे काय घरघरतंय? मी म्हटलं, कोणाचं तरी वाहन असेल, पुढे बघा, साहेब, पुढे. मागे कोन टेम्पोत पडले, धाडकन. हे काय पडलं? मी म्हटलं, रस्त्याचं काम असेल, पुढे बघा, साहेब. आता मी काय खोटं बोलणारा माणूस आहे? पण त्या धुक्याच्या आडोशाने मी त्या सकाळी इतकं खोटं बोललो की अख्ख्या जन्माची थकबाकी फिटली.

पाण्याच्या टेबलाशी दातांची डॉक्टरीण. क्लबातच धावते, फार गुणी बाई, पण त्या कामावर नवीन. आम्हाला बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, शेवटचे आले ना, मग गुंडाळू मी? मी डोळा मारला. म्हणजे गप्प बसा, अशा अर्थाने. ती जवळ आली, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, आजोबा, कुठली दाढ? मी पुन्हा डोळा मारला. ती म्हणाली, फार दुखतेय वाटतं, आ करा. आता शर्यतीच्या मधोमध मी आ करून उभा, ती आत बघतेय, आणि साहेब एवढे खूश, एवढे खूश, की दात दाखवत बस रे रंगाऱ्या म्हणत चांगले झपाझप निघाले. म्हटलं बाई, तुझे उपकार झाले. अशीच रोज तपासत जा.

आणि मग पूल आला, आणि पुलावर ते मेलं धुकं उठलं.

म्हणजे असं उठलं की कोणी चादर ओढून घ्यावी. लख्ख ऊन. साहेब कठड्यापाशी दम खात उभे. मी म्हणतोय पुढे बघा, साहेब, पुढे बघा, आणि त्यांनी बघितलं मागे. मागे काय दिसणार? टेम्पो. टेम्पोत टेबलं, उलटी, पाय वर केलेली. कोन एकात एक घालून रचलेले. आणि त्याच्या मागे लांबच्या लांब रस्ता, त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

साहेब कठड्यावर बसले. मला वाटलं दम लागलाय. मग म्हणाले, "मी म्हटलं लोक मागे धुक्यात आहेत. कोणीच नव्हतं होय रे?"

मी छातीवरचा नंबर उगाच सरळ करायला लागलो.

"अख्खी पिढी मी फाटकात उभी केली, उशीर झाला म्हणून. आता मलाच उशीर. जा तू. मी गाडीत बसतो."

आता सांगा, काय करायचं? टेम्पोवाला आमचाच माणूस, बिचारा खाली मान घालून स्टिअरिंग पुसत बसला. शेवटचा तुम्ही नाही, मी आहे, माझी ती नेमणूकच आहे, असं सांगावं? मग ह्या माणसाला कळणार की सकाळपासून रंगारी आपल्याला सांभाळून नेतोय, नातवाला बागेत नेतात तसा. तो उठला असता? छे! त्याने खुर्चीसकट खिडकीही बंद केली असती. हात धरून ओढावं? तो कडक माणूस. मी तिथे उभा राहिलो, रंग वाळतोय असं समजून. आणि मग मी जे केलं ना, ते आजवर कुठल्या शेपटाने केलं नसेल. पैलवानाचं सोडा, त्याला भान नव्हतं. मी भान ठेवून केलं.

मी म्हटलं, "बसा तर मग, साहेब. तुम्ही बसलात की मी शेवटून दुसरा. घरी सांगायला बरं." आणि निघालो पुढे.

अहो, मी रेघ ओलांडली की शर्यत संपली, हा माणूस बाहेर. मागे आवाज नाही. आणि मला मागे बघता येत नाही, बघितलं की नाटक उघडं पडणार. आता मलाच मला सांगायची पाळी, पुढे बघ, बाबा, पुढे. मी हळू चालतो हे तुम्हाला सांगितलंच, पण त्या दिवशी कळलं की हळूच्या खालीसुद्धा एक हळू असतं. माझ्या शेजारून गोगलगाय गेली असती तर मी तिला वाट दिली असती. आणि बऱ्याच वेळाने, मागून... फरफट, थप. फरफट, थप. आणि शिव्या! रंगारी माझ्या पुढे, काल मला शिडी मागायला आला होता, आणि आज माझ्या पुढे! मला तर ती सनई वाटली हो.

पण तिकडे कमानीपाशी गोंधळ. सेक्रेटरींनी मला वळणावर बघितलं. मी दिसलो म्हणजे सगळे संपले, त्यांचा हिशेब बरोबरच. त्यांनी हात केला आणि कमानीची हवा सोडली! फुस्स. मी रेघेच्या अलीकडे येऊन थांबलो. लोक टाळ्या वाजवतायत, या आजोबा, या, एकच पाऊल, एकच! आणि आजोबा काही पाऊल टाकेनात. मग मी वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या बुटाला नाडीच नाही, बिनानाडीचे बूट, तरी मी बांधतोय! सेक्रेटरी दात ओठ खात जवळ आले, म्हणाले, शेपूट धडाच्या पुढे कसं आलं? पोलीस रस्ता मोकळा करा म्हणून मागे लागलेत. मी म्हटलं, तुमचं दुकान चष्म्याचं ना, मग जरा लांबचं बघा.

त्यांनी बघितलं. वहिनींनीही बघितलं. हातात स्वेटर घेऊन उभ्या होत्या, तो त्यांनी तोंडावर धरला.

साहेब आले. तोंड लाल, चष्मा तिरका, एक बाही खाली एक वर. माझ्यापाशी आले, मला वाकलेलं बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया आली. दया! आणि ढांगेने रेघ ओलांडली. कमान एव्हाना एवढी खाली आली होती की त्यांना मान वाकवून जावं लागलं. गळ्यात पदक पडलं. वहिनी स्वेटर घालायला गेल्या तर म्हणाले, थांब गं, उकडतंय. मग मी निघालो, शेवटचा, नियमाप्रमाणे, आणि कमान पडली ती नेमकी माझ्यावर. आतून मला ऐकू येत होतं, साहेब सेक्रेटरींना सांगत होते, तो खाली आहे ना, तो आमचा शेजारी, त्याला मी शेवटच्या क्षणी गाठला.

आता गल्लीत कोणाला तोंड दाखवायची सोय नाही. इस्त्रीवाला विचारतो, काय आजोबा, टाइमकीपरांनी हरवलं म्हणे? आमची ही जेवायला वाढताना म्हणते, ऑपरेशन झालेल्या माणसाकडून हरलात, जरा तरी लाज ठेवायची. आणि मी काय बोलणार? नियम आहे ना, सांगायचं नाही! गिळतो आपला घास.

बरं, घरात तरी पडून राहू द्यावं माणसाला! दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारावर थापा. उघडतो तर साहेब. पायात बूट, गळ्यात पदक अजून तसंच, खिडकीतली खुर्ची कुठे आहे म्हणाल तर वहिनींनी तिच्यावर कपडे वाळत घातलेले. मला खालून वर बघितलं, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस रे. तुला सराव नाही, एवढंच. चल, घाल बूट, आजपासून माझ्याबरोबर यायचं. आणि मागे पडलास तर लाजू नकोस, मी थांबेन तुझ्यासाठी."