अदलाबदल झालेल्या नळ्या

रक्ततपासणीच्या रांगेत कंडक्टरबाईंच्या मागे बापलेकीची जुंपली होती.

"उद्या लष्करी मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीत प्रोजेक्टच्या सरांशी भांडल्याचं सांगू नकोस."

"सांगणार."

"हॉस्पिटलातून आलेले रक्ताचे दोनच नमुने चुकले होते. सर म्हणाले तसे काढून टाकायचे. कशाला नसती उठाठेव?"

"बाबा, संगणकावर जनुकं तपासली तर बाईच्या नळीत पुरुषाचं रक्त, पुरुषाच्या नळीत बाईचं! यादीतल्या दोन ओळी पुसेन हो मी, पण ती माणसं एकमेकांची औषधं खात असतील, त्याचं काय?"

"म्हणून थेट त्या हॉस्पिटलात जायचं?"

"गेले. 'तू कोण मोठी डॉक्टर लागून गेलीस?' म्हणत हाकललं. आता डॉक्टर होऊनच जाते, बघू कोण हाकलतंय!"

आतून हाक आली. कंडक्टरबाई सुईसमोर बसल्या, पण बाही काही वर करेनात.

"आधी नळीवर माझं नाव लिहा. माझ्यासमोर. मग सुई."