डबा न उघडलेली मुलं

हॅलो?… हो आई, मीच… नाही, धाकटी अजून यायचीय. मीटिंग आत्ताच सुटली, मी पुढे निघून आले…

तिची नोकरी शाबूत आहे गं. आधी ऐक तरी.

त्या डब्यावरून झालं सगळं… अगं, आमच्या बालवाडीत प्रवेशाआधी मुलांपुढे ठेवतात ना, घट्ट झाकणाचा, आत खेळणं. स्वतः उघडला तर पास… छे, तिची कसली? संचालकांची परीक्षा ती. आता बालमानसशास्त्रज्ञ म्हणून हिची सही हवी होती निकालाखाली, दुसरं काय!

नाही केली हिनं सही… अगं, उगीच नाही. आमच्या दुसऱ्या शाखेत परीक्षा नसते. तिथे हिनं तोच डबा नेला आणि वर्षभर फरशीवर बसून मुलं बघितली. काही मुलं झाकणाशी झटतात, जमलं नाही की डबा उचलून सरळ समोरच्या परक्या बाईंच्या मांडीवर ठेवतात. आमच्याकडे ती नापास. तिथे तीच वर्गात सगळ्यांत आधी रुळली… हो, मीही चाट पडले.

आज संचालक म्हणाले, सही करा, नाहीतर दुसरीकडे नोकरी बघा… मी तिथेच होते ना, वर्गशिक्षिका म्हणून बोलावलेलं. ही शांतपणे म्हणाली, “सर, एवढंसं मूल परक्या माणसावर विश्वास टाकतं, त्याला मी नापास म्हणणार नाही. तुम्ही स्वतः एकदा समोर बसून बघा.”

बसले ना! प्रवेशासाठी आलेली एक चिमुरडी आत बोलावली, आई तिची दारात. पोरीनं झाकण ओढलं, दातांनीसुद्धा ओढून बघितलं… मग डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचं बोट धरलं आणि झाकणावर नेऊन टेकवलं.

… हो. उघडला त्यांनी.

… परीक्षा बंद, यंदापासूनच. वर हिला सांगितलं, अशी डबा मांडीवर ठेवणारी मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा अभ्यास तुम्हीच करा, एक खोली देतो. तर बाई म्हणतात कशा, खोल्या दोन लागतील, आणि एकीत फरशीवर सतरंजी…

दिल्या गं!… आई? रडतेस की काय?… बरं, बरं.

ती चिमुरडी? घेतली ना. सोमवारपासून माझ्याच वर्गात… थांब, दार वाजतंय. धाकटीच असणार. ठेवू नकोस, तिच्याशीच बोल…

हॅलो?… आई?… गेला वाटतं फोन.