मोदकाचा रस्ता

…आणि वर मलाच सांगतात, बाबा, जरा धीर धरा. अहो, सकाळपासून धीरच तर धरून बसलोय, दुसरं काही धरू देताय का? समोर ताटलीत एकुलता एक उकडीचा मोदक, वर तूप, आणि हात लावायचा नाही. का? तर तो नमुना. लागला तर पुन्हा फोटो काढायला.

तुम्हाला सांगतो, आमच्या लीनानं यंदा गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घ्यायचं मनावर घेतलं. आता इथं कोलकात्यात, डमडमला, मराठी घरं अशी किती? म्हणजे घेणारे बंगाली, आणि त्यांना दाखवल्याशिवाय कळायचं कसं? मोमो समजतात हो. म्हणून आमच्या जावयानं, शौनकनं, वेबसाइट केली, वर मोदकाचा हा मोठा फोटो. म्हणजे असायला हवा होता. आज ऑर्डरींचा शेवटचा दिवस आणि फोटोच्या जागी रिकामा चौकोन. एक ऑर्डर नाही. पोरगी नारळ खवून बसलीय, तोंड एवढंसं झालंय.

मी म्हटलं, जावईबापू, फोटो हरवला का? तर म्हणे, "नाही बाबा, चित्र आहे. रस्ता चुकलाय."

आता चित्राला रस्ता कशाला? तर पान दिसायचं कसं ते एका वेगळ्या फायलीत लिहितात, स्टाइलशीट, आणि चित्राचा पत्ताही तिथंच. पत्ता म्हणजे काय, तर दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ. टिंबं म्हणजे एक खोली मागे या, खोली म्हणजे त्यांचं फोल्डर. कुठून मागे? ती फाइल आहे तिथून. आणि ह्यानं काल ती फाइलच उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली… अहो, बालीगंजला सांगितलेलं 'इथून डावीकडे' हावड्याला उभं राहून चाललात, तर नदीत नाही का जाणार?

मग टिंबं घाल, चौकोन. टिंबं काढ, चौकोन. तेवढ्यात लीनाच्या मैत्रिणीचा, मृणालचा फोन, "लीनाताई, यंदा चौकोनी मोदक का गं?" लीना नवऱ्याकडे बघते, नवरा पडद्याकडे, मी ताटलीकडे. चित्र आहे म्हणे, रस्ता चुकलाय.

मदतीला फोनवर कोण, तर शौनकच्या ऑफिसातले मोदकबाबू. आडनावच मोदक हो, ते 'मोदोक' म्हणतात. साइट दोघांनी मिळून केलेली. ते आपले शांत, "कोनो चिंता नेई, कोनो चिंता नेई…" म्हणजे काही काळजी नको.

आणि दुपार कलल्यावर शौनक ओरडला, "मिळाला रस्ता!" संपला ना नमुन्याचा जाच? मी मोदक उचलला.

बघतो तर पानावर मोदकबाबू. मिशीसकट, हसतायत. खाली लिहिलंय, 'वरून मऊ, आतून गोड, गरम असतानाच खावा.' झालं असं, की साइट कुणी केली ते सांगायला त्यांनी आपला फोटो आपल्याच नावानं ठेवला, आणि तेच नाव आमच्या फोटोचं… एक दुसऱ्यावर बसला, आमचा पुसला गेला. शौनक डोकं धरून म्हणाला, "रस्ता बरोबर आहे, बाबा. चित्र चुकलंय."

लीना उठली. "असू दे, पुन्हा काढते फोटो. बाबा, ताटलीतला मोदक कुठाय?"

मी मिशा पुसल्या. म्हटलं, आहे गं पोरी, मोदक आहे… रस्ता चुकलाय.