लॅपटॉपवरचा लाल टॅग

पिंपळे गुरवच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काउंटरमागच्या कस्तुराच्या पुढं एक बापलेक उभे होते. बापाच्या अंगावर चाकणच्या कंपनीचा युनिफॉर्म होता. लेकीच्या हातातल्या लॅपटॉपला लाल टॅग लोंबत होता : 'काम चालू आहे. हात लावू नये. – खंडू, मेंटेनन्स.'

"श्रद्धा, मीच घाण केली बघ. तुला लिनक्स सिस्टीम टाकून द्यायला गेलो, अन् स्क्रीन काळी पडली."

"पप्पा, ह्यात दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. छोटं रोजच्या कामाला, मोठं जड कामाला. मोठ्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, जुळला नाही की असंच होतं."

"मग आता?"

"चालू करताना एक सेटिंग बदलून मोठ्याला गप्प बसवायचं. स्क्रीन आली की त्याचा बरोबर ड्रायव्हर टाकायचा. अर्ध्या तासाचं काम."

"तुला म्हाईत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अगं, चार दिस झाले! उद्या प्रोजेक्ट द्यायचंय तुला. मग केलं का न्हाईस?"

"टॅग तुमचा होता. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, तुम्हीच शिकवलंय."

"ते मशीनचं गं. आत माणसाचा हात असतो, म्हणून."

"तुमचाही होताच की. रोज शिफ्टवरून आलात की ह्याच्यापुढंच बसत होता."

 खंडूनं टॅग सोडला आणि उलटा करून कोरी बाजू वर घेतली.

"ताई, पेन हाय का?"

कस्तुरानं पेन आधीच काढून धरलं होतं.

त्यानं सावकाश 'श्रद्धा' असं लिहिलं आणि टॅग पुन्हा बांधला.

"चल घरी. आता तू काढशील तवाच मी हात लावीन."