नापास हा शब्द खोडू नका

लिहून घ्या, मी मयूरी परब, दहिसरची, वय सव्वीस, एसी रिपेअर करते. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, आजोबा गिरणीत होते, गिरणी गेली तशी त्यांनी परळची खोली सोडली आणि इथे नदीच्या अंगाला चाळीत दोन खोल्या घेतल्या, तिथेच पप्पांचं लग्न झालं, तिथेच मी झाले आणि अजून तिथेच आहोत. समोर टॉवर उभे राहिले, आमची चाळ आहे तशीच. पप्पा एका कंपनीत क्लार्क, आणि त्यांच्या डोक्यात मी पाचवीत असल्यापासून एकच, पोरगी इंजिनिअर झाली पाहिजे. का, तर ऑफिसात इंजिनिअर साहेब आला की पप्पांना खुर्चीवरून उठावं लागायचं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आई बोलली एकदा.

बारावीला मला बरे मार्क होते, म्हणजे बरे, हुशार वगैरे नाही. अंधेरीच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला घातलं. पहिलं वर्ष ढकललं कसंतरी. दुसऱ्या वर्षी गणित राहिलं, परत दिलं, परत राहिलं, मग त्याच्या जोडीला अजून चार विषय राहिले आणि मला वायडी लागला. वायडी म्हणजे तुमचं वर्ष बाद, घरी बसा. आता काय सांगू तुम्हाला, मी घरी बोललेच नाही. आज बोलू, उद्या बोलू करत करत कॉलेज उघडायचा दिवस आला, आईने डबा भरला, मी बॅग घेतली आणि निघाले. आणि मग वर्षभर रोज निघत राहिले.

जायचे कुठे, तर बोरिवलीला एक अभ्यासिका आहे, तिथे स्पर्धा परीक्षांची पोरं दिवसभर वाचत बसतात, तिथे. समोर पुस्तक उघडं ठेवायचं, एक वाजता डबा खायचा, पाच वाजता घरी. घरी विचारलं आज काय शिकवलं, तर सांगायचं. मी एक प्रोजेक्ट ग्रुप तयार केला होता, खोटा, त्यात चार मैत्रिणी होत्या, त्यांची नावं होती, एकीच्या बहिणीचं लग्नसुद्धा मी लावून दिलं. हसू नका, खरंच. आई विचारायची, गो, त्या तुझ्या मैत्रिणीच्या भयनीचा लगीन झाला मा? आणि मी बोलायचे, हो, छान झालं. खोट्याचं असं असतं ना, एकदा बोलून सुटका नसते, रोज सकाळी उठून त्याला परत आंघोळ घालून तयार करावं लागतं. मला जेवण जायचं नाही, केस गळायला लागले. आई बोलायची अभ्यासाने सुकली पोरगी.

त्या अभ्यासिकेतला एसी एकदा बंद पडला. मे महिना, पोरं वैतागली, मग एक म्हातारेसे गृहस्थ आले, मोरेकाका, एकटेच, स्टुलावर चढले आणि माझ्याकडे बघून बोलले, ए मुली, जरा टॉर्च धर. मी धरला. त्यांनी झाकण काढलं आणि मी आत बघितलं तर मला सगळं कळत होतं हो. म्हणजे वहीत जे कधी कळलं नाही, गॅस दाबला की तापतो, सुटला की थंड होतो, ते तिथे नळीला हात लावला तर एक गरम, एक गार. मी प्रश्न विचारत गेले, ते सांगत गेले, दोन तास. शेवटी बोलले, काय करतेस तू? आणि मला काय झालं माहीत नाही, वर्षभरात पहिल्यांदा खरं तोंडातून आलं, मी बोलले नापास झालेय, इथे लपून बसते. ते हसले नाहीत, ओरडले पण नाहीत. एवढंच बोलले, मग आयटीआयला जा की, हेच शिकवतात, लपून कशाला बसतेस.

पण घरी कसं सांगायचं? त्याच आठवड्यात पप्पांनी विचारलं होतं निकालाचं, मी सवयीने बोलून गेले, पास झाले. रविवारी दुपारी बाहेरून आवाज आला म्हणून दारात आले, तर पप्पा पेढ्यांचा बॉक्स घेऊन चाळीत वाटत होते. एकेका दारात, आमची मयूरी शेवटच्या वर्षाला गेली. नाईककाकू आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा भरवला. मी तोंडातला पेढा हातात काढला आणि बोलले, पप्पा, मी नापास झालेय, मी वर्षभर कॉलेजला गेलेच नाही. सगळ्या गॅलरीने ऐकलं. मग काय केलं असेल पप्पांनी, सांगा? पुढच्या तीन दारांतले पेढे राहिले होते, ते जाऊन देऊन आले. त्या माणसाला दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. मग घरी आले, रिकामा बॉक्स टेबलावर ठेवला आणि अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, तेवढंच बोलली, माका तरी सांगूचा होता गो. ते मला अजून लागतं. पप्पांचं गप्प बसणं नाही लागत एवढं.

आयटीआयला गेले. पप्पांनी फॉर्मवर सही केली पण माझ्या तोंडाकडे बघून केली नाही. वर्गात आम्ही दोनच मुली, दुसरीने तीन महिन्यांत सोडलं. मी नाही सोडलं. झाल्यावर अंधेरीला एका शेठच्या दुकानात लागले. आता लोकांचं सांगते. बेल वाजवली की दार उघडायचे आणि माझ्या मागे बघायचे. मेकॅनिक कुठाय? मी बोलायचे मीच. मग, बरोबर कोणी नाही? नाही. मग घरातला कोणीतरी पुरुष येऊन खोलीत उभा राहणार, हाताची घडी घालून, मी काय करते ते बघत, ज्याला स्वतःला साधा फिल्टर धुता येत नाही. मी बघू दिलं. नवव्या मजल्यावर खिडकीबाहेर पट्टा बांधून उतरले की आपोआप गप्प व्हायचे.

आणि मी काही एकदम भारी वगैरे नव्हते हां, चुका केल्या. एक तर अशी केली की विचारू नका. बोरिवलीला एका घरी सर्व्हिसिंग केलं, घाईत पाणी जायचा पाइप नीट बसवला नाही. दोन दिवसांनी दुपारी फोन. एसीच्या खालीच पलंग, पलंगावर मुलीची साखरपुड्याची साडी काढून ठेवलेली, मोतिया रंगाची, संध्याकाळी कार्यक्रम, आणि त्यावर सगळं काळं पाणी. शेठ बोलला, जा, आणि सांग पाइप जुना होता, आपोआप निसटला. मी रस्ताभर तेच पाठ करत गेले. वर गेले तर ती मुलगी साडी मांडीवर घेऊन बसलेली, रडत पण नव्हती, नुसती डाग बघत होती. आणि माझ्याकडून नाही झालं. मी बोलले, पाइप मी नीट बसवला नव्हता, माझी चूक आहे. तिची आई जी सुटली माझ्यावर, वाट लावली माझी, शेजारीपाजारी दारात आले. शेवटी बोलल्या, म्हणूनच ह्या कामाला बायकांना बोलवू नये. तोवर मी खाली मान घालून ऐकत होते. तेव्हा मान वर केली. बोलले, काकू, चूक माझी आहे, बायकांची नाही. तुम्ही मला कितीही बोला. मग पाइप परत बसवला, पाणी ओतून दाखवलं, फरशी पुसली आणि निघाले. ती मुलगी दुसरी साडी नेसून गेली असं नंतर कळलं.

शेठने दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. खरं बोलायला तुला कोणी सांगितलं होतं, बोलला. बरोबर आहे, कोणीच नव्हतं सांगितलं. दोन महिने घरी होते. मग चाळीतलीच एक-दोन कामं केली आणि एक दिवस त्या साडीच्या बिल्डिंगमधून, त्याच मजल्यावरच्या समोरच्या बाईंचा फोन आला, की तू ती चूक कबूल करणारी ना, आमचा एसी बघायला ये. आता त्या बिल्डिंगमध्ये माझी सहा घरं आहेत. साडीवाल्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या तर अजून तोंड फिरवतात. फिरवू देत. त्यांचा हक्क आहे तो, मी काय त्यांच्या माफीसाठी थांबलेली नाही.

आता घरात लग्नाचं चाललंय. पप्पांनी बायोडेटा केला, मोबाइलवर दाखवला, शिक्षण बी. ई. मेकॅनिकल, स्वतःचा व्यवसाय. मी बोलले पप्पा, हे काय? बोलले, अगं सगळेच थोडं वाढवून लिहितात. मी बोलले, माझं मी एकदा वाढवून बघितलंय, मला परत नाही जमणार. झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि नवीन टाइप करून घेतला, शिक्षण, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी नापास, नंतर आयटीआय, काम, एसी रिपेअर. तो पण बोलला, ताई, नापास खोडूया ना, वाईट दिसतं. मी बोलले राहू दे. पप्पांनी वाचला आणि खूप चिडले, कोण येईल असलं वाचून? मी बोलले, जो येईल तो वाचून येईल. दिवसभर धुसफुसत होते आणि संध्याकाळी बघते तर गावच्या आत्याला त्यांनी तोच पाठवला होता. खाली स्वतः लिहिलं होतं, मुलगी कष्टाळू आहे. खरं सांगते, मला त्या पेढ्यांपेक्षा हे गोड लागलं.

दोन घरांनी परत फोन केला नाही. तिसऱ्यांनी केला, बोलले आमचा एसी आवाज करतो, बघाल का? गेले, केला दुरुस्त, मुलाच्या आईने चहा दिला, लग्नाचं कोणी काढलंच नाही. आई दोन दिवस हसत होती.

तर असं आहे. लग्न होईल का, माहीत नाही. मोठ्या इमारतींचे एसी शिकायचेत, त्या कोर्सला नाव घातलंय, जमेल का, माहीत नाही. लोक विचारतात पुढचं काय ठरवलंस, जसं काय त्यांचं सगळं ठरल्याप्रमाणे झालंय. मी ठरवलेलं नाही. मला भीती वाटते, रोज वाटते, नवीन घराची बेल दाबताना पण वाटते, तरी दाबते. तुम्ही हे लिहाल तेव्हा शेवटी मला यशस्वी वगैरे करू नका, हात जोडते. शिकतेय, चुकतेय, काम करतेय, एवढंच लिहा. आणि तुमचं बरं होवो, एवढा वेळ ऐकून घेतलंत.