देवाची पाटी

मंडळी, ऐका. आज एकच सवाल विचारतो. देवाच्या नावानं बाजूला काढलेलं फूल, ते कुणाचं? "देवाचं" म्हणालात ना? पुढच्या रांगेनं तर मानही डोलावली. बरं, बसा. गोष्ट ऐका, मग बघू मान कुठं डोलते ते!

नगरकडच्या एका तालुक्याचा फूलबाजार. तिथं रंगनाथअण्णा चोथे नावाचे आडतदार. शेतकऱ्यांचा माल उतरवून घ्यायचा, व्यापाऱ्यांना विकायचा, हा धंदा. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ — अगदी माझ्यासारखी, हसू नका! गाळ्यावर त्यांचा एक नेम. कुणाचीही पाटी उतरली, की वजनाआधी तिच्यातून एक ओंजळ फुलं काढायची. "ही बाजारातल्या विठोबाची." शेतकरी हात जोडायचे. देवाला कोण नाही म्हणेल?

पण मला सांगा, पाट्या साठ. ओंजळी साठ. आणि देवळात हार जायचा किती? एक! बाकीची फुलं कुठं जायची? अहो, विकली जायची! त्यात डिसेंबर लागला, नाताळाची मागणी निघाली, की अण्णांची ओंजळ सुपाएवढी व्हायची. भाव चढेल तशी भक्ती चढायची! काय बोलायचं या माणसाला?

त्या वर्षी थंडी अशी पडली की शेवंतीच्या कळ्या उमलेचनात. तेवीस डिसेंबरला जो थोडाफार माल आला, तो मुंबईच्या गाड्यांनी उजाडताच उचलला. गाळे रिकामे. उरली एकच, अण्णांची देवाची पाटी. मुद्दाम मागं ठेवलेली. दुपारपर्यंत भाव दुप्पट होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक.

एवढ्यात आल्या मार्थाबाई शिरसाठ. गावातल्या चर्चची वेदी वीस वर्षं ही बाई सजवते. सगळा बाजार पालथा घालून दमलेली.

"अण्णा, पांढरी शेवंती द्या हो. उद्या रात्री उपासना आहे, आणि वेदीवर ठेवायला एक फूल नाही."

"आहे की. पण भाव वेगळा पडेल, बाई."

"पडू द्या. पण एवढीच पाटी बाजूला का ठेवलीत?"

शेजारीच गुणाबाई शेळके आपली रिकामी पाटी झाडत बसली होती. फुलं पिकवणारी बाई. ती भाबडेपणानं म्हणाली, "ती देवाची हाय, बाई. आमच्या समद्यांच्या ओंजळीची."

मार्थाबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. "मग नको."

अण्णा वैतागले. "अहो, नको काय? तुमचा देव वेगळा, आमचा वेगळा. तुम्हाला काय फरक पडतो?"

"लोकांनी देवाला दिलेली फुलं विकत घेऊन मी आमच्या देवापुढं कशी ठेवू? वेदी रिकामी राहिली तर राहू दे."

बघा मंडळी! डोळ्यांत पाणी, उद्या सगळ्या मंडळीसमोर वेदी उघडी पडणार, तरी बाई म्हणते नको. आणि आपला हा माळकरी? तो भाव सांगतोय! मला तर लाज वाटते हे सांगताना.

बोलणं ऐकून दहा-पंधरा शेतकरी जमले. गुणाबाई उठून उभी राहिली. "अण्णा, तुमी ही इकत व्हता?"

अण्णांना थंडीत घाम फुटला. त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून माल टाकायचे. तो शब्द गेला तर गाळा उघडून करायचं काय? "विकतो कशाला? बाईंची गंमत केली जरा. ही बघ, देवळातच चाललोय!" आणि पाटी घेतली स्वतःच्या डोक्यावर. मागं सगळे शेतकरी, त्यांच्यामागं मार्थाबाई. अण्णांना वाटलं, सुटलो.

सुटतो कसला! देवळातला गुरव साधा माणूस. पाटी बघून हरखलाच. "अण्णा, आज एवढी फुलं? रोज तर तुमच्याकडून एकच हार येतो. तोही कालच्या फुलांचा."

गुणाबाईनं पाटीत पाहिलं, मग अण्णांकडं पाहिलं. शिवी नाही, भांडण नाही. मी असतो तर हातातली चिपळी फेकून मारली असती! ती मार्थाबाईंकडं वळली. "बाई, माझ्या वावरात आडोशाला दोन वाफे उमलल्यात. सकाळी या, तोडून देते."

दुसऱ्या दिवशी वेदीची फुलं देऊन उरलेली पाटी गुणाबाईनं गाळ्यावर उतरवली. सवयीनं अण्णांचे दोन्ही हात पुढं झाले. तिनं पाटीवर पदर ओढला. "राहू द्या, अण्णा. देवाचं आमी बघतो." मागच्या शेतकऱ्यानंही आपल्या पाटीवर हात ठेवला. त्याच्या मागच्यानंही. आणि अण्णा भर बाजारात तसेच उभे, रिकामी ओंजळ पुढं करून.

हसलात? अण्णाला हसलात! आता इकडं बघा. उपास आहे म्हणून घरच्या कामातून अंग कुणी काढून घेतलं? आज "कीर्तनाला जातो" सांगून आजारी बापाचे पाय चेपायचे कुणी टाळले? कुठं गेली आता ती डोलणारी मान? आणि मी तरी कोण मोठा? देवाचं नाव पुढं करून तासभर तुमच्यावर ओरडायची हौस फेडून घेतली, ती माझीच! टाळ्या नंतर वाजवा, बाबांनो. आधी हात उघडून बघा, देवाच्या नावानं घेतलेलं त्यात काय राहिलंय. ते ज्याचं त्याला देऊन या, आणि मग माझ्या विठ्ठलाला हाक मारा.