डबी जागची हलली नाही

नाही हो, चोरीबिरी काही झालेली नाही, बसा आधी — बसा म्हणते ना, सगळे बघतायत! अंगठीची डबी खिडकीच्या कठड्यावर ठेवलीत ना? तुमच्याबरोबरच्या त्या ताई हात धुवून आल्या की एकदम पुढे करून लग्नाचं विचारायचं म्हणून? मग झालं तर. डबी आहे तिथेच आहे, तुम्ही पुढे आलात. अहो, फिरतं हॉटेल आहे हे, खाली दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय! जमीन फिरते, टेबलं फिरतात, तुम्ही-आम्ही फिरतो — पण खिडकी आणि तिचा कठडा बाहेरच्या भिंतीचा, तो ढिम्म हलत नाही. रोज कुणीतरी फसतं. पर्स ठेवतात, चष्मे ठेवतात, एका आजोबांनी तर कवळी काढून ठेवली होती — मागे एक कुटुंब जेवत होतं, त्यांच्यासमोर ती हळूहळू हसत आली! हसा की जरा. ती बघा, ते रिकामं टेबल, त्याच्या थोडी मागे — निळी डबी. दिसली?

नाही, तुम्ही उठायचं नाही. तुम्ही गेलात आणि ताई बाहेर आल्या, तर टेबल ओळखणार कसं? हात धुवायची खोली मधल्या खांबात, तो खांबही फिरत नाही — गेल्या तेव्हा दारासमोर तुम्ही होतात, येतील तेव्हा भलताच कुणीतरी असेल. तुम्ही खुणेला बसा, मी आणते. आणते ना. एवढा चमचा बदलते आणि... हा रुमाल नीट करते... समोर बघा ना तोवर! ती चांदणी — दिवा नाही, विमान नाही, शुक्र आहे तो. आत्ता काचेच्या या पट्टीशी आहे, सूप संपेपर्यंत पलीकडच्या काचेत गेलेला असेल. लोक विचारतात, बाई, तो तारा पळतोय का? मी म्हणते, तारा नाही, तुमची खुर्ची पळतेय. आणि समजा वीज गेली, खुर्ची थांबली, तरी तो मावळणारच, कारण खाली पृथ्वी फिरतेय — तिला कोण थांबवणार, आमचा मॅनेजर? तारे उगवतात, तारे बुडतात म्हणतो आपण, आणि गरगरतोय आपणच! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातला ट्रे घेऊन नुसती उभी राहिले होते. कुणी सांगितलं? कुणी नाही. एका गिऱ्हाइकाने. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, येताना छोटी दुर्बीण आणतात, म्हणून मी त्यांना दुर्बीणवाले म्हणते. बाकीचे म्हणतात सात नंबर.

कोण, ते? करड्या कोटातले? हो, तेच. बघा, पण अशी मान वळवून नका बघू! डबी नेमकी त्यांच्याकडेच निघालीय, म्हणून तर मी — बरं, म्हणूनच जात नाहीये, झालं समाधान?

पूर्वी ते टेबल माझ्याकडे होतं. सूप ठेवायला गेले की एक ग्रह सांगायचे. मी इतकं सावकाश सूप वाढायला लागले की आचारी म्हणाला, तू तिथे जाऊन शिजवतेस की काय? मग एकदा त्यांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? आणि मी काय म्हटलं असेल? कपडे धुते! माणूस टेकडीवर तारे दाखवायला न्यायचं बघतोय आणि मी त्याला साबण कुठला चांगला ते सांगतेय! नंतर दुरावलेच ते. महिन्या-दोन महिन्यांनी बघावं तर आणखी मागे बसलेले. मी म्हटलं, जाऊ दे, मुलीचं लग्न झालं, आपलं वय झालं, आता कशाला ही थेरं. पण खरं सांगू? घरी जाऊन एकटीचं ताट वाढून घ्यायचा मला कंटाळा आलाय हो.

शेवटी त्यांनी मंगळाचं सांगितलं होतं. मंगळ रोज थोडा थोडा ताऱ्यांमधून पुढे सरकतो, मग एके दिवशी थांबतो आणि चक्क उलटा चालायला लागतो. मी म्हटलं, रुसला का? म्हणाले, तो नाही मागे जात — शर्यतीत आतल्या रेषेतून आपण पुढे निघून गेलो की बाहेरचा मागे गेल्यासारखा दिसतो, तसं आहे ते. तो आपला त्याच्या वाटेने चाललेलाच असतो, पृथ्वीच त्याला... आपणच...

थांबा. थांबा हं जरा. हे तुमचं टेबल तीन. त्याआधी माझ्याकडे पाच होतं. कपडे धुते म्हटलं त्याच महिन्यात मला बढती मिळाली, आणि मला टेबलं मिळत गेली पुढची, पुढची... आणि ते सात नंबरला. पहिल्यापासून सातलाच! अहो, ते कुठे गेले मागे? मीच पुढे आले! आणि चार महिने मी त्या माणसावर रागावलेय! अरे देवा — हसताय काय, मला खुर्ची द्या, गरगरतंय... नको, डबी, डबी बघा! पोचली त्यांच्यापाशी, ती बघा तिथे —

उघडली. उघडली त्यांनी. आता इकडे बघतायत. मी बोट दाखवतेय अजून! खाली घेते बोट... उशीर झाला. छातीवर हात ठेवून विचारतायत, "मला?" काय करू? सांगा ना काय करू? करंगळीत घालून बघतायत हो, बायकी अंगठी... डोळे पुसतायत...

मी मान हलवली. अहो, मी "हो" म्हणून मान हलवली!

त्या बघा ताई आल्या, खांबापाशी बावरून उभ्या आहेत — हात करा, हात करा त्यांना! त्यांना शुक्र दाखवा, सूप पाजा, काहीही करा, मी आलेच. अंगठी तुमची, ती आणून देते. बाकीचं माझं. जरा खुर्ची आत घ्या, मला मागे जायचंय.